मीठ संपेना, फेस येईना: एका घरातल्या सॉफ्टनरचं प्रकरण

घर दुमजली, माणसं पाच, पाणी स्वतःच्या बोअरचं. बोअरचा पंप गच्चीवरची टाकी भरतो, टाकीच्या खाली प्रेशर पंप, त्याच्यापुढे सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, आणि तिथून सगळ्या घराला एकच लाइन. सॉफ्टनर बसवून वर्ष होत आलं होतं. तक्रार अशी की मशीन काहीच काम करत नाही. विकणाऱ्याचा माणूस म्हणतो रेझिन (पाणी मऊ करणारे आतले मणी) गेलंय, बदला. बदलावं का, एवढंच मला विचारलं होतं.

रेझिन ठणठणीत होतं. पण ते सिद्ध करायला ज्या दोन-तीन गोष्टी मोजाव्या लागल्या, त्या वर्षभरात कुणीच मोजल्या नव्हत्या. मशीन बसवणाऱ्याने नाही, दुरुस्तीला आलेल्याने नाही आणि घरच्यांनीही नाही. घरच्यांनी मोजलं होतं, पण भलतंच.

घरात दिसत होतं ते

नळांच्या तोंडाशी पांढरी कड, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, बाथरूमच्या काचेवर वाळलेल्या थेंबांचे डाग. टॉवेल वाळले की उभे राहतील इतके कडक. गीझर पूर्वीपेक्षा उशिरा तापायचा आणि तापताना आतून कडकड आवाज यायचा. हा आवाज ओळखीचा असतो. कॉइलवर क्षाराचा थर बसला की त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे फुटतात, त्याचा तो आवाज.

यामागचं रसायन फार गुंतागुंतीचं नाही. जमिनीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. त्यातला जो भाग बायकार्बोनेटच्या जोडीने आलेला असतो, तो पाणी तापवलं की कार्बोनेट होऊन खाली बसतो. गीझरमधला थर तो हाच. उरलेला भाग सल्फेट-क्लोराइडच्या जोडीने येतो आणि उकळूनही जात नाही. साबणाशी भांडण मात्र दोघांचंही. साबण आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमला भिडतो, त्यांचा चिकट पांढरट साका होतो आणि ते संपल्यावर उरेल तेवढ्याच साबणाचा फेस. हिशोबाने पाहिलं तर १ ग्रॅम हार्डनेस (म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) सुमारे ६ ग्रॅम साबण निकामी करू शकतो. या घराच्या पाण्यात लिटरला जवळजवळ अर्धा ग्रॅम हार्डनेस होता. म्हणजे दहा लिटरच्या एका बादलीत, सगळं पाणी फेसाळवायचं म्हटलं, तर पहिला २९ ग्रॅम साबण नुसता साका करण्यातच जाणार. कोणी बादलीभर पाण्यात साबण कालवत नाही हे खरं, पण महिन्याला इतके साबण कुठे जातात या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

पेनासारखा तो मीटर

घरच्या बाईंनी पहिल्यांदा पुढे केला तो टीडीएस मीटर. "हे बघा, मशीनच्या आधी ७९०, मशीननंतर ७९०. बसवलं त्या महिन्यातही असंच होतं. आम्हाला तर पहिल्यापासून संशय होता."

हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार काढून टाकतच नाही, तो अदलाबदल करतो: कॅल्शियमचा एक आयन अडकवायचा आणि त्याच्या जागी सोडियमचे दोन सोडायचे. वजनाने बघायचं तर ४० भार गेला आणि ४६ आला. त्यामुळे उत्तम चालणाऱ्या सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर हा मीटर जवळपास सारखाच आकडा दाखवणार. टीडीएस उतरवायचा असेल तर आरओ लागतो, ते वेगळं यंत्र आणि वेगळं काम.

सॉफ्टनर घेणारे निम्मे लोक टीडीएस बघून घेतात आणि टीडीएस बघूनच त्याला नावं ठेवतात, असा माझा अनुभव आहे. विकणाऱ्यांनाही हे सोयीचं पडतं. आकडा चटकन दिसतो, गिऱ्हाईक घाबरतं. पण ७९० टीडीएसचं पाणी अगदी मऊ असू शकतं आणि ३५० टीडीएसचं पाणी बऱ्यापैकी जड.

याच घरात सॉफ्टनरच्याही आधी पाइपला बाहेरून बांधायचं एक चुंबकी उपकरण बसलं होतं. ते अजूनही तिथेच होतं, धूळ खात. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. आधी आणि नंतर हार्डनेस मोजा, आकडा तोच येतो. थर बसण्यावर त्याचा थोडाफार परिणाम होतो असं सांगणारे प्रयोग आहेत आणि होत नाही असं सांगणारेही आहेत. साबणाच्या फेसाला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. ते काढून टाका म्हटलं, तर "राहू दे, खात नाही काही" असं उत्तर आलं, आणि तेही खरंच होतं.

थेंब मोजणं

हार्डनेस मोजायचा किट छोटा असतो: एक खुणेची बाटली, बफरचं द्रावण, रंगाची पूड आणि ईडीटीएची (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाची) थेंबबाटली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी, त्यात बफर, मग चिमूटभर रंग. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ते गडद लालसर जांभळं होतं. मग ईडीटीएचा एकेक थेंब टाकायचा आणि दर थेंबाला बाटली हलवायची. बराच वेळ काही घडत नाही. मग जांभळटपणा वाढतो, थेंब पडतो तिथे निळी रेघ उमटून विरते आणि अचानक एका थेंबाला सगळी बाटली स्वच्छ निळी होते. किती थेंब लागले त्याला किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचं. या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्राम.

टाकीतलं कच्चं पाणी: २४ थेंब, म्हणजे ४८०. लिटरला १८० मिलिग्रामच्या वर गेलं की पाणी फार जड, अशी सर्वसाधारण वर्गवारी आहे. हे त्याच्या अडीचपटीहून जास्त. अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) ३१० आली, म्हणजे ४८० पैकी ३१० भाग तापवल्यावर खाली बसू शकणारा. दिवसाला १०० लिटर गरम पाणी धरलं आणि तो सगळा बसला असं मानलं, तर रोज ३१ ग्रॅम. प्रत्यक्षात गीझरच्या तापमानाला त्यातला काही भागच बसतो, पण वर्षाचा हिशोब किलोंमध्ये जातो. लोह नगण्य निघालं, ते बरं झालं. लिटरला ०.३ मिलिग्रामच्या पुढे लोह असेल तर ते रेझिनच्या मण्यांवर बसतं आणि मग सॉफ्टनरच्या आधी लोह काढायची वेगळी सोय करावी लागते.

सॉफ्टनरनंतरचं पाणी: पुन्हा २४ थेंब.

म्हणजे घरच्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पुरावा चुकीचा होता. मशीन खरंच काही करत नव्हतं.

मिठाची टाकी

मिठाची टाकी जवळजवळ काठोकाठ भरलेली. मी विचारलं, मीठ किती लागतं? आजी म्हणाल्या, "याला मीठ फार लागत नाही हो. शेवटचं पोतं कधी ओतलं ते आठवतही नाही." हे त्या कौतुकाने सांगत होत्या, मशीन काटकसरी आहे म्हणून.

मीठ न खाणारा सॉफ्टनर म्हणजे बंद पडलेला सॉफ्टनर. रेझिनच्या मण्यांवरचं सोडियम संपलं की त्यांच्यावरून मिठाचं दाट पाणी सोडतात. सोडियमची गर्दी इतकी होते की मण्यांना चिकटलेलं कॅल्शियम सुटून गटारात जातं. यालाच रिजनरेशन म्हणतात. मीठ खर्च होत नसेल तर हे घडतच नाही, मग पॅनेलवर काहीही दिसो. पॅनेल ठरल्या रात्री झडप फिरवत होतं, पाणी वाहत होतं, आवाजही येत होता. आत जात होतं ते जवळपास साधं पाणी.

लाकडी दांडा घेऊन मिठावर हलकेच ठोकलं तर आवाज पोकळ आला. जोर दिल्यावर वरचा थर कचकन मोडला आणि दांडा एकदम हातभर आत गेला. खाली मोकळी जागा आणि तळाशी थोडं पाणी. वरचं मीठ घट्ट होऊन टाकीच्या भिंतींना धरून छपरासारखं उभं राहिलं होतं. पाणी त्याला पोचतच नव्हतं. असं होण्याची कारणं इथे तिन्ही हजर होती: दमट दिवस, टाकी गळ्यापर्यंत भरण्याची सवय, आणि जाडं मीठ संपलं होतं तेव्हा मध्येच ओतलेलं खाण्याचं बारीक मीठ. बारीक मीठ एक तर असं छप्पर धरतं नाहीतर तळाला चिखल होऊन बसतं. सॉफ्टनरला स्वच्छ जाडं मीठ किंवा मिठाच्या गोळ्या घालाव्यात आणि टाकी अर्ध्या-पाऊण भागापेक्षा जास्त भरू नये.

छप्पर फोडलं, तळाचा गाळ काढला, मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरची जाळी धुतली. दाबही पाहिला, कारण हा इंजेक्टर पाण्याच्या दाबावरच ओढतो. नुसत्या गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याला पुरत नाही. दहा मीटर उंचीला कुठे एक बार दाब मिळतो, आणि घरगुती झडपांना सहसा दीड-दोन बार तरी हवा असतो. इथे प्रेशर पंप असल्याने काटा २.२ वर होता, तो प्रश्न मिटला. मीठ विरघळायला काही तास दिले, टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली आणि हाताने रिजनरेशन लावलं. पातळी खुणेखाली उतरत गेली. सगळं झाल्यावर बाहेरच्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं, रंग टाकला, पहिल्याच थेंबाला निळं.

बहुतेक ठिकाणी इथेच काम संपलं म्हणतात आणि सही घेऊन निघतात.

मग सुरुवातीलाही का बिघडत होतं?

मिठाचं छप्पर अलीकडचं असणार. पण बाई म्हणत होत्या की अगदी नवं असतानाही दोन-तीन दिवस कपड्यांना फेस भरपूर यायचा, मग दोन-तीन दिवस यायचाच नाही, मग पुन्हा यायचा. त्यांनी ते साबणावर, मग वॉशिंग मशीनवर ढकललं होतं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात मोलाची माहिती हीच, आणि दुरुस्तीच्या कागदावर ती कुठेच नव्हती. बिघाड ठरावीक अंतराने येतो-जातो याचा अर्थ मशीन धडधाकट आहे, वेळापत्रक चुकलंय.

घरातल्या मुलीला किट शिकवला. पॅनेलवरचा लिटरचा आकडा आणि त्यावेळचा हार्डनेस, सकाळ-संध्याकाळ, पुढचं रिजनरेशन आपोआप होईपर्यंत. तिने वहीत नीट लिहून ठेवलं. २,००० लिटरपर्यंत पहिल्याच थेंबाला निळं, म्हणजे २० च्या आत. २,२५० ला ४०. २,५५० ला १६०. ३,००० ला ३८०. ३,७०० ला ४६०. त्यापुढे कच्चं पाणी आणि बाहेरचं पाणी यात फरकच नाही. आणि रिजनरेशन लागलं ते ४,५०० लिटरच्या आसपास, रात्री.

म्हणजे रेझिन सुमारे २,४०० लिटरला थकत होतं आणि मशीन त्याला जवळजवळ दुप्पट अंतर पळवत होतं.

आता हा २,४०० बरोबर की कमी? रेझिन खराब असेल तर तो कमी असायला हवा. टाकीत २५ लिटर रेझिन होतं. हे पॉलिस्टायरिनचे बारीक पिवळसर मणी असतात, बहुतेक मिलिमीटरहूनही लहान, आणि त्यांच्यावर सल्फोनिक गट असतात जे धन आयन धरून ठेवतात. (अशी अदलाबदल माती करते, हे १८५० मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्प्सन आणि वे यांनी प्रसिद्ध केलं. शोध खताच्या निमित्ताने लागला होता, गीझरच्या नव्हे.) एका लिटर रेझिनमागे १०० ग्रॅमच्या आसपास मीठ वापरलं तर ते साधारण ४६ ग्रॅम हार्डनेस धरतं. या मशीनचं मीठ दर खेपेला अडीच किलो होतं, म्हणजे लिटरमागे बरोबर १००. तेव्हा २५ गुणिले ४६, म्हणजे १,१५० ग्रॅम. भागिले लिटरला ०.४८ ग्रॅम. उत्तर येतं २,३९६ लिटर.

वहीतला आकडा आणि कागदावरचा आकडा इतका जुळल्यावर रेझिन बदलायचा विषय तिथेच संपला.

पॅनेलच्या सेटिंगमध्ये हार्डनेस होता २५०. कारखान्यातून आला तसाच. बसवणाऱ्याने पाणी मोजलंच नव्हतं, त्यामुळे आकडा बदलायचं त्याला कारणही नव्हतं. २५० धरून मशीन हिशोब करत होतं की १,१५० ग्रॅम म्हणजे ४,६०० लिटर. त्यातून एका दिवसाचा वापर ते राखीव धरतं आणि शिल्लक त्याखाली गेली की त्या रात्री रिजनरेशन लावतं. हे घर दिवसाला साडेसातशे लिटर वापरत होतं. म्हणजे सहा दिवसांचं चक्र: तीन दिवस मऊ पाणी, तीन दिवस जड. बाईंची तक्रार शब्दशः.

सेटिंग ५३० केलं, मोजलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्के वर, कारण बोअरचं पाणी वर्षभर सारखं राहत नाही.

"मीठ वाढवा"

याच दरम्यान विकणाऱ्याच्या माणसाने फोनवर दुसरा उपाय सुचवला होता: दर खेपेचं मीठ वाढवा, पाणी जास्त दिवस मऊ राहील. राहतं, हे खोटं नाही. लिटर रेझिनमागे १०० ऐवजी २४० ग्रॅम मीठ दिलं तर क्षमता ४६ वरून ६९ ग्रॅमच्या आसपास जाते. पण हिशोब बघा. मीठ झालं २.४ पट, काम झालं दीडपट. अडीच किलोत १,१५० ग्रॅम हार्डनेस निघतो, म्हणजे किलोला ४६०. सहा किलोत १,७२५ निघतो, म्हणजे किलोला २८८. शेवटच्या काही मण्यांवरचं कॅल्शियम हुसकायला मीठ उधळावं लागतं आणि ते बरचसं न वापरलेलं गटारात जातं. मीठ कमी आणि रिजनरेशन जास्त वेळा, हे सहसा परवडतं. फक्त दर खेपेला दीडशे-दोनशे लिटर पाणीही वाहून जातं, तेव्हा या बाजूलाही फार ताणता येत नाही.

आणि इथे खरी अडचण उभी राहिली. सेटिंग बरोबर केल्यावर मशीन दर दोन दिवसांनी रिजनरेशन मागू लागलं. महिन्याला ३७ किलोच्या घरात मीठ. पूर्वी, चुकीच्या सेटिंगवर, साडेबारा किलो पुरत होतं. आजींच्या लेखी मशीन आता बिघडलं होतं.

कोणत्या नळाला मऊ पाणी हवंय?

दोन फ्लश टाक्या, अंगणातला नळ आणि बाग. या सगळ्यांना मऊ पाणी कशाला? पण लाइन एकच असल्याने फ्लशमध्येही मीठ खर्चून मऊ केलेलं पाणी चाललं होतं. बसवताना नळजोडणीचं काम वाचवलं की पुढे त्याची भरपाई दर महिन्याला मिठाच्या पोत्यांनी होते. प्लंबर बोलावून फ्लश आणि बाहेरचे नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर घेतले. इथे शाफ्ट मोकळा होता म्हणून ते एका दिवसात झालं. भिंतीत गाडलेल्या लाइन असत्या तर मी जास्त रेझिनचं मशीन परवडतं का ते आधी पाहिलं असतं. मशीनवरचा भार साडेसातशेवरून साडेचारशे लिटरवर आला, रिजनरेशन दर चार दिवसांनी, मीठ महिन्याला १९ किलोच्या आसपास.

बागेचा मुद्दा नुसता बचतीचा नाही. सोडियमचं पाणी सतत घातलं की चिकण मातीचे कण सुटे होतात, माती दबते आणि पाणी झिरपेनासं होतं. मुळांना कॅल्शियमचं पाणी चालतं, हे चालत नाही.

पिण्याच्या पाण्याबद्दल घरात दोन मतं होती. बाईंना वाटे मऊ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, आजोबांना वाटे मिठाच्या मशीनचं पाणी म्हणजे खारट पाणी. दोघांचंही अर्धंच खरं. सॉफ्टनर जंतू मारत नाही, नायट्रेट किंवा फ्लोराइड काढत नाही, गढूळपणाचंही त्याला काही करता येत नाही. मीठ थेट पिण्याच्या पाण्यात येत नाही हे खरं, पण सोडियम येतं. दर १०० मिलिग्राम हार्डनेसमागे सुमारे ४६ मिलिग्राम. इथे ४८० काढल्यावर लिटरला २२० च्या आसपास सोडियम वाढतं. पाण्यात साधारण २०० ला सोडियमची चव लागायला सुरुवात होते. दिवसाला दोन लिटर प्यायलं तर ४४० मिलिग्राम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून २,००० च्या आत राहायला सांगते. आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू होती, मिठावर डॉक्टरांचं बंधन होतं. लहान बाळाच्या दुधासाठीही असं पाणी वापरू नये.

घरात आरओ होता, तो कच्च्या लाइनवर. तो मऊ लाइनवर घेतला. हे ऐकायला उलटं वाटतं, पण आरओचा पडदा बहुतांश सोडियम अडवतो आणि कॅल्शियम आधीच गेल्याने पडद्यावर थर बसत नाही. आरओ नसता तर स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ कच्च्या लाइनवर ठेवा म्हणालो असतो. जड पाणी पिणं म्हणजे आजार, ही समजूत नुसत्या हार्डनेसच्या बाबतीत निराधार आहे.

काही आठवड्यांनी

वहीत आता रिजनरेशनच्या आदल्या संध्याकाळचा आकडाही २० च्या आत येत होता. कपड्यांचा साबण निम्म्याहून खाली आला. काचेवरचे डाग पुसले की जात होते.

गीझर मात्र तसाच कडकडत होता आणि त्यावरून पुन्हा "मशीन चालत नाही" सुरू झालं होतं. मऊ पाणी नवा थर बसू देत नाही, जुना थर विरघळवायला त्याला खूप काळ लागतो. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर जाडीचा खडबडीत पांढरा थर, नखाने टवका निघेल असा, आणि टाकीच्या तळाशी त्याचेच मूठभर तुकडे. सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात ठेवल्यावर फसफसून तो सुटत गेला. शॉवरची जाळीही त्याच पाण्यात बुडवली. गीझरचा अनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) पार झिजला होता, तो बदलला. सॉफ्टनर असलेल्या घरात तो वर्षातून एकदा तरी बघावा.

आजींची तक्रार वेगळीच निघाली. "अंगावरचा साबण जातच नाही. कितीही पाणी घ्या, बुळबुळीतच." साबण गेलेला असतो. जड पाण्यात साबणाचा साका कातडीवर बसून ती करकरीत लागते, वर्षानुवर्षं तिलाच आपण स्वच्छ म्हणत असतो. शिवाय त्या अजून जुन्याच हिशोबाने साबण घासत होत्या. सॉफ्टनरच्या झडपेवर थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो. आठवा भाग कच्चं पाणी मिसळलं तर हार्डनेस साठच्या आसपास येतो आणि तो बुळबुळीतपणा बराच कमी होतो. तो उघडायची तयारी ठेवली होती, पण आजींनी साबण कमी केला आणि विषय मागे पडला.

एक गोष्ट मला परसात फिरताना दिसली, कुणी सांगितली नव्हती. रिजनरेशनचं पाणी वाहून नेणारा पाइप भिंतीबाहेर काढून एका झाडाच्या बुंध्याशी सोडला होता, "पाणी वाया कशाला घालवायचं" म्हणून. त्या झाडाची पानं टोकांपासून तपकिरी पडत चालली होती. दर खेपेला अडीच किलो मिठाचे क्लोराइड त्याच्या मुळाशी जात होते. पाइप सांडपाण्याच्या लाइनला जोडला, मध्ये हवेची फट ठेवून, म्हणजे गटाराचं पाणी उलट ओढलं जाणार नाही. मिठाचं हे पाणी शेवटी कुठेतरी जातंच. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात नदीतलं क्लोराइड इतकं वाढलं की २००८ मध्ये मतदान होऊन घरोघरचे असे सॉफ्टनर काढायला लावले. एका घराच्या पातळीवर आपल्या हातात एवढंच: मोजून मीठ घालणं आणि ज्या नळाला गरज नाही तिथे मऊ पाणी न नेणं.

मिठाच्या टाकीच्या झाकणावर मुलीने मार्करने तीन ओळी लिहिल्या आहेत: कच्च्या पाण्याचा हार्डनेस, मोजल्याची तारीख, दोन रिजनरेशनमधले लिटर. दर पंधरवड्याला दांडा घालून छप्पर धरलंय का ते बघायचं, एवढं काम आजोबांनी मागून घेतलंय. रेझिनची शंका पुन्हा आलीच तर तीच वही काढायची. मीठ नीट ओढलं जात असूनही पाणी २,४०० ऐवजी दीड हजार लिटरलाच जड व्हायला लागलं, तर मीच बदला म्हणेन. उन्हाळ्यात बोअरची पातळी उतरली की हार्डनेस पुन्हा मोजायचा आहे. तो ६०० पर्यंत चढला तर सेटिंग ६६० करावं लागेल आणि रिजनरेशन चार दिवसांऐवजी तीन दिवसांवर येईल.